काम टूल करेल, पण पोरांना शिकवणार कोण?

रविवारी सकाळी पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या कट्ट्यावर नेहमीसारखं क्रिकेट चालू होतं, तेवढ्यात सच्या म्हणाला की त्याच्या टीममध्ये यंदा एकही फ्रेशर घेतला नाही, आणि मग क्रिकेट राहिलं बाजूला आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत एआय हा एकच विषय. सगळं काही लिहीत नाही, पण जे मला पटलं आणि जे खटकलं ते लिहितोय, कारण मी स्वतः कॉमर्सच्या पोरांना शिकवतो आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, सर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकू का नको.

सच्या हिंजवडीच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, बरीच वर्षं झाली. तो सांगत होता की आधी टेस्ट केस, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय काय तपासायचं त्याची यादी, लिहायला दोन नवी पोरं बसायची, रिक्वायरमेंट वाचायची, चुकायची, शंका विचारून डोकं खायची, पण सहा महिन्यांत तयार व्हायची. आता एआयचं टूल काही मिनिटांत ढीगभर टेस्ट केस काढून देतं, त्यातल्या निम्म्या कामाच्या नसतात, त्या सच्या बसून उडवतो. "कुठल्या उडवायच्या ते मला कळतं कारण मी वर्षानुवर्षं हाताने लिहिल्यात. नवीन पोराला कसं कळणार? आणि मुळात पोरगंच घेतलं नाही तर पुढचं बोलूच नका."

मन्या बँकेतून रिटायर झालाय, त्याला हे रडगाणं वाटलं. "अरे आमच्याकडे कॉम्प्युटर यायचे होते तेव्हा युनियननं केवढा विरोध केला होता. १९८३ ला करार झाला, मग हळूहळू आले, काय बुडालं? शाखा वाढल्या, लोनं वाढली, माणसं लागलीच की." आणि त्यानं क्लार्नाचं उदाहरण काढलं, ती हप्त्यांवर खरेदी करू देणारी स्वीडनची कंपनी, २०२४ मध्ये म्हणाली होती की आमचा एआय असिस्टंट ७०० एजंटांचं काम करतो, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सीईओनं कबूल केलं की क्वालिटी घसरली, परत माणसं घेतोय.

सच्या म्हणाला, "घेतली, पण कशी घेतली ते सांग ना. उबरसारखी, घरून, पाहिजे तेवढ्या वेळापुरती. नोकरी परत आली म्हणतोस पण ती तीच नोकरी आहे का?"

मला सच्याचं पटलं. मन्या बँकेचं सांगतो ते खोटं नाही, पण बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा नवीन क्लार्कला काउंटरवर बसवायचं बंद झालं नव्हतं. आपल्या आयटीचा धंदाच वेगळा आहे. क्लायंटला माणसांचे तास विकायचे, वर थोडे अनुभवी, खाली भरपूर फ्रेशर, आणि त्या खालच्या थराच्या स्वस्त तासांवर सगळा नफा. दहा-बारा वर्षं झाली, मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखाच्या आसपासच घुटमळतोय, का, तर त्यावर सगळं गणित उभं आहे. आता क्लायंट विचारतो, तुम्ही एआय वापरताय ना, मग तास कमी लावा. तास कमी लावले की बिल कमी, आणि बिल कमी झालं की पहिल्यांदा कुणाला कात्री लागते ते सांगायला नको.

टीसीएसचा विषय निघणारच होता. जुलै २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार, जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतली. मन्या लगेच म्हणाला, "बघ, ते स्वतःच म्हणाले की हे एआयमुळे नाही, स्किल जुळत नाहीत म्हणून." सच्याचं म्हणणं, कारण काहीही असो, त्याच सुमारास नियम आला की वर्षात २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामाचे, पाहिजेत आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, ३५ दिवसांच्या वर बसायचं नाही, मग नवीन काही शिकायला माणसानं वेळ काढायचा कुठून? यावर मन्याकडे उत्तर नव्हतं, कुणाकडेच नव्हतं.

मग हेम्या बोलला. हेम्या सीए आहे, तसा कमी बोलतो. त्याच्याकडे पर्चेस रजिस्टर आणि जीएसटीच्या टू-बीचा (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) ताळा आता सॉफ्टवेअर करतं. पूर्वी आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी, पोरं त्यात आठवडा घालवायची, बिल नंबरात कुणी स्लॅश टाकला, कुणी नाही टाकला, कुणी वर्ष उलटं लिहिलं, एकेक ओळ जुळवत बसायची. आता ते तासाभरात होतं आणि बरोबर होतं, उगाच नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण मग त्यानं एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी कान देऊन ऐकली. एका क्लायंटची ट्रान्सपोर्टची बिलं. बहुतेक ट्रान्सपोर्टवाले बिलावर टॅक्स लावत नाहीत, तो ५ टक्के भाडं देणाऱ्या धंदेवाल्यानं स्वतः सरकारला भरायचा असतो, त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. सॉफ्टवेअरनं बिलावर टॅक्स दिसला नाही म्हणून ती सगळी बिलं बिनटॅक्सची धरली, पोरानं हिरवी टिक बघितली आणि पुढे पाठवली. हेम्याला सही करताना शंका आली म्हणून सापडलं, नाहीतर व्याज आणि नोटीस क्लायंटच्या डोक्यावर.

"पोरगा हुशार आहे," हेम्या म्हणाला, "पण त्यानं आयुष्यात ट्रान्सपोर्टचं बिल हातात घेऊन एंट्री मारलेली नाही. आम्हाला हे पुस्तकातून नाही कळलं, शंभर बिलं टाकली आणि चार वेळा सरांची बोलणी खाल्ली तेव्हा डोक्यात बसलं. त्यात आर्टिकलशिप आता ३ वर्षांची २ वर्षं झालीये. सही माझी असते, सॉफ्टवेअरची नाही. उद्या मी नसेन तेव्हा सही कोण करणार आणि कशाच्या जोरावर?"

माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे. नोकऱ्या जाणार का राहणार यावर लोक तावातावानं भांडतात, पण जाणारं काम नेमकं कुठलं आहे ते बघा. कंटाळवाणं, हमालीचं, नवीन माणसाला देतात ते. आणि माणूस तयार होतो तो त्याच कामात. ते काम वाचलं म्हणून आज प्रत्येक ऑफिसात आनंद आहे, आणि आणखी दहा वर्षांनी हेच लोक म्हणणार की जाणकार माणूस मिळत नाही हो बाजारात.

कट्ट्यावरचे काका, ज्यांनी अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली, ते म्हणाले, "आमच्यावर हे होऊन गेलंय रे. डीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, मग त्यातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्रीलिपी आलं, मालकानं सांगितलं शिका नाहीतर घरी बसा. मी शिकलो कारण वय लहान होतं. जे पन्नाशीचे होते, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे, जुळवताना लेखकाची ऱ्हस्वदीर्घाची चूक पकडायचे, त्यांचं काय झालं कुणी विचारायला गेलं नाही. आणि आता पुस्तकांत चुका किती असतात ते बघा." मन्यासुद्धा यावर काही बोलला नाही.

हे सगळं ऐकून बापू मात्र वैतागला. भोसरीला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, तीन व्हीएमसी, म्हणजे धातू कापायची कॉम्प्युटरवाली मशिनं. "तुम्ही सगळे पगारवाले, तुम्हाला फक्त जाणारं दिसतं. मला जर्मनीहून ड्रॉइंग येतं, त्यावरच्या नोट्स जर्मनमध्ये. आधी एजंटाकडे पाठवायचो, तो दोन दिवस घ्यायचा आणि वर पैसे. आता मी मोबाइलवर फोटो टाकतो, चहा पिऊन होईपर्यंत मराठीत कळतं. कोटेशनचं मेल इंग्रजीत चांगलं जातं, माझ्या इंग्रजीमुळे आधी ऑर्डरी गेल्यात रे. मोठ्यांकडे जे होतं ते पहिल्यांदा माझ्याकडे आलंय." आणि हे पण खरंच आहे, बापूसारख्या माणसाला हे टूल म्हणजे पगार न घेणारा क्लार्क आहे, त्याला भीती दाखवून उपयोग नाही.

पण मी त्याला विचारलं की मशिनवर काय? तो हसला. म्हणाला, सेटिंग, कापायच्या टूलचं माप मशिनमध्ये भरणं, तयार तुकड्याच्या कडेची धार काढणं, हे अजून माणूसच करतो, आणि माझ्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले तीन महिने मशिनला हात नाही, फक्त कानस आणि माप घ्यायचा व्हर्नियर, हाताला बारीकसा फरक कळला पाहिजे. आयटीआयची पोरं तो अप्रेंटिस म्हणून घेतो. मग त्यानंच १९६१ चा अप्रेंटिस कायदा काढला, ३० किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायलाच लागतात, आणि हे फक्त कारखान्यापुरतं नाही. "मग तुमच्या हिंजवडीला सांगा ना, घ्या अप्रेंटिस, आणि त्यांना खरं काम द्या."

सच्या म्हणाला, "घेतील रे, कागदावर घेतील. पण बसवतील कुठे? काम तर टूलकडे गेलं."

"मग थोडं काम मुद्दाम बाजूला काढायचं, टूलनं केलेलं असलं तरी पोराकडून परत करून घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. मी भंगारातल्या तुकड्यावर करून घेतोच ना, त्याला कोण गिऱ्हाईक आहे?"

मला हे आजचं सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं. महाग आहे, मान्य, पण एआयनं तास वाचवलेत ना, मग त्या वाचलेल्या तासांतले थोडे शिकवण्यात घालायला काय हरकत आहे? सगळेच्या सगळे डिस्काउंट म्हणून क्लायंटला का द्यायचे? मी माझ्या पोरांनाही आता हेच सांगणार आहे, टॅली शिका, आणि निदान एका दुकानाची वर्षभराची बिलं स्वतःच्या हाताने टाका, कुणी पैसे नाही दिले तरी टाका.

हेम्यानं तिथल्या तिथे ठरवलं की पुढच्या बॅचपासून पहिले सहा महिने दोन क्लायंटचा ताळा पोरं हाताने करणार, सॉफ्टवेअरचा रिझल्ट त्यांना नंतर दाखवायचा. सच्या म्हणाला तुझं ऑफिस तुझं आहे, तुला जमेल, माझ्या टाइमशीटमध्ये शिकवण्याच्या तासाला कोडच नाही, तो वेळ लिहायचा कशाखाली? मन्या म्हणाला मग तो कोड मागा, आम्ही बँकेत यापेक्षा मोठ्या गोष्टी भांडून मिळवल्यात. सच्या म्हणाला तुमच्याकडे युनियन होती. आणि तिथून गाडी आयटीत युनियन पाहिजे का नको यावर गेली.