पोहोचू की आरामात!

अभिनंदन! तुमच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे, चार आसनांचं विमान आहे आणि आत्मविश्वास तर ओसंडून वाहतोय. एवढ्या भांडवलावर हवेत इंजिन बंद पाडायचं असेल, तर यंत्र बिघडायची वाट पाहू नका. बिघाड बेभरवशाचा, ऐन वेळी दगा देतो आणि होतच नाही. इंधनाकडे जरा काणाडोळा केला की मात्र काम हमखास. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा इंधनाच्या गैरव्यवस्थापनापायी होणारे अपघात वर्षाला सरासरी 50 हून जास्त होते. त्यातले जवळपास निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या परवान्याचे. तेव्हा हे नवशिक्यांचं काम आहे असा गैरसमज नको. इथे पोचायला साधना लागते.

सुरुवात जमिनीवरच करा. पंखावर चढायचं, झाकण उघडायचं, टाकीत डिपस्टिक, म्हणजे इंधन मोजायची पट्टी, बुडवायची, असले उद्योग तुम्हाला शोभत नाहीत. कपड्यांना वास लागतो आणि सोबत आलेले पाहुणे बघत असतात. आत इंधनाचा काटा आहे ना! विमान कललं की तो कलतो, हवा खवळली की नाचतो. नाचू द्या. काटा हलतोय म्हणजे टाकीत काहीतरी हलतंय, एवढं तर्कशास्त्र पुरे. झाकण नीट बसलंय का, हेही पाहू नका. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो. सैल झाकणातून इंधन बाहेर खेचायचं काम तो तुम्हाला न विचारता करतो.

आता आकडेमोड. सेसना 172 एस या चार आसनी विमानाच्या टाक्यांत 56 गॅलन मावतं, त्यातलं 53 वापरता येतं. तुम्ही 56 च धरा. उरलेल्या 3 गॅलनांवर अन्याय कशाला? पुस्तिकेत तासाला अमुक इतकं इंधन लागतं असं छापलेलं असतं. तो आकडा इंधन-हवेचं मिश्रण नीट विरळ, म्हणजे त्यातलं इंधन कमी, केल्यावरचा असतो, पण ते करणाऱ्या लाल मुठीला तुम्ही हात लावू नका. ती पूर्ण आत ढकललेलीच राहू द्या आणि हिशेब मात्र छापील आकड्यानेच करा.

वाऱ्याची तर मला खास शिफारस करावीशी वाटते, कारण त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. समजा 300 सागरी मैल जायचंय आणि विमान 110 नॉटने, म्हणजे ताशी 110 सागरी मैलांनी जातं. 2 तास 44 मिनिटं. समोरून 20 नॉटचा वारा आला की जमिनीवरचा वेग 90 वर येतो आणि तेच अंतर 3 तास 20 मिनिटांचं होतं. म्हणजे 36 मिनिटं जास्त. दिवसा नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने निदान 30 मिनिटांचं इंधन राखीव ठेवावं, असा अमेरिकेतला नियम आहे. राखीव साठा संपला, वर 6 मिनिटांची उधारी झाली, आणि तुमच्या हातून एकही चूक झालेली नाही! फक्त मध्येच घड्याळ पाहून पुन्हा हिशेब करायचा मोह टाळा.

ज्यांना पूर्ण रिकामं व्हायचा धीर नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: इंधन विमानात, पण इंजिनात नाही. पाइपरसारख्या खाली पंख असलेल्या बऱ्याच विमानांत दोन्ही टाक्यांतून एकदम इंधन घेता येत नाही. डावी संपत आली की सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायची मूठ, उजवीकडे फिरवावा लागतो. तुम्ही गप्पा मारत राहा. जमलंच तर उतरायच्या तयारीत, 300 फुटांवर डावी संपू द्या. टाकी बदलून, पंप लावून इंजिन पुन्हा पेट घ्यायला थोडे सेकंद लागतात, आणि नेमके तेच तिथे शिल्लक नसतात.

1997 च्या ऑक्टोबरात गायक जॉन डेन्व्हर यांचं विमान कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळलं. त्या लाँग-ईझी विमानात टाकी बदलायची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. तिच्याकडे वळायचं तर समोरचं लक्ष सोडावं लागे. निघण्यापूर्वी इंधन भरायचं का, असं त्यांना विचारलं होतं. ते नको म्हणाले. इथे मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

वाटेत एक धावपट्टी दिसेल, तिथे पंपही असेल. खाली उतरलात तर अर्धा तास मोडेल आणि पाहुण्यांना वाटेल, याला हिशेब येत नाही. त्यापेक्षा मुक्काम अवघ्या 20 मिनिटांवर आहे. रेडिओवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला इंधन कमी असल्याचं सांगणंही तसंच लाजिरवाणं. हसून म्हणा, ‘पोहोचू की आरामात!’

मग इंजिन दोनदा ठसकेल आणि गप्प होईल. पंखा नुसता वाऱ्याने फिरत राहील. पाहुणे पहिल्यांदाच काट्याकडे बघतील.

नशिबाने खाली शेत असलं आणि तुम्ही धडपणे टेकलात, तर दुसऱ्या दिवशी तपासनीस येतो. तो पंखावर चढतो, झाकण उघडतो आणि टाकीत डिपस्टिक बुडवतो. त्याच्या कपड्यांना अजिबात वास लागत नाही.