ताकेतोमीला जाताय? मग एवढं कराच

गोल्डन वीकच्या सुट्टीत तोक्योतल्या आपल्याच मराठी मंडळींबरोबर ओकिनावाच्या पार टोकाला, ताकेतोमी बेटावर जाऊन आलो. तिथे जे ज्ञान पदरात पडलं ते तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून देतो.

बेटाचा घेर जेमतेम नऊ किलोमीटर, तेव्हा दोन तास रगड झाले. रेड्याच्या गाडीत बसा, गाडीवान सान्शिन वाजवत गाऊ लागला की मोठ्याने गप्पा सुरू करा.

२०१९ पासून बेट जपण्यासाठी तीनशे येन मागतात. ऐच्छिक आहेत. म्हणजे विषयच संपला.

मग काइजीच्या किनाऱ्यावर जा. ओला तळवा वाळूवर दाबला की चांदणीसारखे बारीक कण चिकटतात. ती समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची कवचं आहेत, पण ते असो. बेटावरचे लोक नेऊ नका म्हणतात, म्हणून पाण्याची बाटली आधीच रिकामी करून ठेवावी.

हे सगळं करताना पाठ मात्र जमिनीकडेच असू द्या. कारण वळलात तर निशितो नावाच्या जुन्या कारभाऱ्याच्या कचेरीची जागा दिसेल आणि उगाच डोक्याला ताप! १५०० साली शेजारच्या इशिगाकी बेटावरच्या ओयाके आकाहाचीने शुरीच्या, म्हणजे रियुक्यू राज्याच्या राजधानीतल्या, राजाविरुद्ध बंड केलं, राजा शो शिनच्या फौजेने ते मोडलं आणि परतताना ताकेतोमीचा हा निशितो, तेव्हा पोरगाच, शुरीला नेला. तिथे तो असा गवंडी झाला की १५१९ मध्ये राजवाड्याजवळ सोनोह्यान उताकी या पवित्र जागेचं दगडी द्वार त्याने उभारलं. राजा प्रवासाला निघताना तिथे हात जोडायचा. १९४५ च्या लढाईत ते मोडलं, पुन्हा उभं केलं, आज जागतिक वारशात आहे. शुरीत थांबलो तेव्हा आपली मंडळी त्याला टेकून चिप्स खात होती. तर या निशितोला १५२४ मध्ये राजाने याएयामाचा कारभारी करून घरी धाडलं, आणि आसपासच्या सगळ्या बेटांचा कारभार त्याने याच काठावरून हाकला. पुढे १५४३ मध्ये कचेरी इशिगाकीला हलली. सोयीचं तेच होतं म्हणा. या चिमुकल्या बेटावर रोज होड्या हाकत कोण येणार?

माणूस गेला, पण गावाने त्याला सोडलं नाही. निशितो उताकीत आजही त्याची पूजा होते.

उताकी म्हणजे आपली देवराईच समजा. तर टीप अशी : तोरीच्या, म्हणजे देवस्थानाच्या कमानीच्या, आत बिनधास्त घुसा, ट्रायपॉड थेट पायरीवर लावा. मी म्हटलं, "अहो दादा, आत जायचं नसतं इथे." उत्तर आलं, "बघतंय कोण? एक रील फक्त." बघत होती ना एक आजी! हातात खराटा, रस्त्यावरची पांढरी वाळू झाडता झाडता थांबलेली. एक शब्द बोलली नाही. मान खाली मीच घातली.

आता टीप वगैरे पुरे. लाज वाटत नाही का रे? घरच्या देवळात चप्पल घालून कुणी शिरलं तर गाव गोळा करता, आणि इथे दुसऱ्याच्या देवाच्या पायरीवर ठुमकता? पाचशे वर्षं जपलंय त्यांनी त्या माणसाचं नाव, तुम्हाला ते धड वाचायचीही उसंत नाही. आधी तिथून खाली उतरा. आणि ती बाटली किनाऱ्यावर ओतून या.