दाखवलेला खाऊ आणि मिळालेला खाऊ : एका प्रतिक्रियेला उत्तर

हाक मारताच कुत्र्याने परत यावे यासाठी खाऊ देऊन सराव कसा करावा, या माझ्या लेखावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, खाऊ देऊन कुत्र्याला बोलावणे ही लाच आहे. आपल्या आजोबांची कारवानी जातीची कुत्री एका हाकेसरशी बांधावरून परत येत. आणि माझ्या लेखाप्रमाणे महिनाभर सराव करूनही आपली कारवानी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोर दिसताच निघून गेली व वीस मिनिटे फिरकली नाही.

मोराच्या प्रसंगाचा दोष बऱ्याच अंशी माझ्या लेखाकडे जातो. मोकळे सोडण्यापूर्वी लांब दोरीवर किती सराव हवा, हे मी एका ओळीत उरकले होते. कारवानी हे नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणारे कुत्रे आहे. पळणारे काही दिसले की धावणे हेच त्याचे सर्वांत मोठे बक्षीस ठरते आणि खिशातल्या चिकनला त्या क्षणी काही किंमत उरत नाही. म्हणून घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या मैदानात आणि शेवटी टेकडीवर, अशा प्रत्येक ठिकाणी हाक नव्याने पक्की करावी लागते. तोवर दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, बांधलेली असावी. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, कारण धावत्या कुत्र्याला बसणारा हिसका मानेला इजा करू शकतो. आपल्या कुत्रीला एक महिना पुरेसा नव्हता, आणि तिला टेकडीवर कायम दोरीवरच ठेवावे लागले तरी त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

लाचेचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. पिशवी वाजवून, तुकडा दाखवून बोलावले तर कुत्रे पिशवी पाहून यायचे की नाही ते ठरवते, आणि त्याला लाच म्हणणे योग्यच आहे. हात रिकामा ठेवून हाक मारली, कुत्रे येऊन पोहोचले आणि त्यानंतर खिशातून खाऊ निघाला, तर ते त्याच्या येण्याचे मोल असते. आपणच लिहिले आहे की, आजोबा हाक मारत तेव्हा पाटीत भाकरी कुसकरलेली असे. आजोबा वर्षानुवर्षे, एकही दिवस न चुकता, त्या हाकेचे मोल देत होते. त्याला प्रशिक्षण म्हणत नव्हते, इतकेच. शिवाय शहरात आपण बहुतेक वेळा खेळ संपवून घरी न्यायलाच हाक मारतो, त्यामुळे जवळ आले की मोकळीक संपते हे कुत्रे लवकर शिकते. दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा खाऊ देऊन लगेच पुन्हा खेळायला सोडावे, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

आपल्या प्रतिक्रियेतील ‘परत आल्यावर तिला चांगलीच अद्दल घडवली’ हे वाक्य वाचून मला सर्वाधिक काळजी वाटली. वीस मिनिटांपूर्वीच्या पळण्याशी त्या माराचा संबंध तिला लावता येत नाही. तिच्यासाठी शिक्षा झाली ती मालकाजवळ येण्याची. ‘ये’ हा शब्द आता तिच्या मनातून उतरला असण्याची शक्यता आहे. तो काही महिने वापरूच नका. एखादी शिट्टी किंवा अगदी वेगळा शब्द निवडून घराच्या आतल्या खोलीपासून पुन्हा आरंभ करा, आणि यापुढे ती कितीही उशिरा आली तरी तिच्या पाठीवरून हातच फिरवा.