पोराच्या नावाची वाट लावू नका

फुटबॉल संघात नोंदणी करताना पोराला "पासपोर्ट आण" म्हणायला काय जातं, मालक? दोन मिनिटांचं काम. ते केलं नाही म्हणून सोलापूरहून शिकायला गेलेलं पोरगं जर्मनीत आठवड्यातून दोन संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत सराव करतं आणि रविवारी सामन्याला जॅकेट घालून रेषेबाहेर उभं राहतं. प्रशिक्षकाला ते हवंय, पाय तयार आहेत. अडलंय कुठं? तर तीन वर्षांपूर्वी इथल्या कुठल्यातरी स्पर्धेसाठी कुणीतरी भरलेल्या ऑनलाइन अर्जात.

हे कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री अकराला मेसेज पडतो, "आधार टाक बे लवकर." पोरगं आधारचा तिरका फोटो टाकतं. संघाचा माणूस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नाव चढवतो आणि मोकळा होतो. आडनाव आधी, वडिलांचं नाव गायब, मल्लिनाथच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक एल खाल्लेला, जन्मतारीख आधारवरची, म्हणजे पासपोर्टपेक्षा वेगळी. पोराला पत्ताच नसतो की आपण आता एका क्लबाचे नोंदणीकृत खेळाडू झालोय. त्याला वाटतं, दोन मॅच खेळलो, संपलं.

संपत नाही. फिफाचा नियम आहे: दहा वर्षांवरचा खेळाडू एका देशात नोंदलेला असेल तर दुसऱ्या देशात नोंदायच्या आधी जुन्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, आयटीसी, जावं लागतं. जर्मनीत सगळ्यात खालच्या क्राइसक्लासेत, जिथं रविवारी दुकानदार आणि विद्यार्थी खेळतात, तिथंही हेच. क्लबाच्या अर्जावर प्रश्न असतो, आधी परदेशात कुठं नोंद होती का? पोरगं प्रामाणिकपणे "नाही" लिहितं, चौकशी भारतात येते, इथं त्या नावासारखंच पण वेगळं नाव सापडतं, आणि मग सुरू होतं मेल-मेल. आठवडे जातात. मुद्दाम लपवलं तर आणखी वाईट, कारण अपात्र खेळाडू खेळवला म्हणून गुण क्लबाचे जातात, आणि त्या गावात पुन्हा कोण उभं करणार तुम्हाला?

आणि यावर इथले शहाणे काय सांगतात? "लेटरहेडवर एनओसी देतो, घेऊन जा." अहो, त्या कागदाला तिथं कुणी विचारत नाही! आयटीसी खेळाडूच्या हातात मिळतच नाही. नवा क्लब त्याच्या राज्य संघटनेकडे अर्ज करतो, तिथून जर्मन महासंघाकडे, तिथून आपल्या महासंघाकडे, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. शिक्का मारून दिलेलं पत्र बॅगेत कुजतं. वर त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर डोकं फिरतं. फिफाच्या नोंदणी नियमांतल्या नवव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की हे प्रमाणपत्र विनामूल्य आणि विनाअट द्यायचं. पोराच्या बापानं कर्ज काढलंय, व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत, आणि तुम्ही त्याच्याकडून चहापाणी काढता?

तेव्हा जाणाऱ्यांनो, विमानात बसायच्या आधी हे उरका. ज्या ज्या संघाकडून खेळलात त्या प्रत्येकाला विचारा, माझी नोंद केली होती का, कोणत्या नावानं, कोणत्या हंगामात. नोंदीचा स्क्रीनशॉट आणि आयडी क्रमांक घ्या. नाव, आडनाव, तारीख पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा, चूक असेल तर इथं असतानाच दुरुस्त करून घ्या, कारण ऑक्टोबरात तिकडून फोन लावला तर इथं कुणी उचलत नाही. बारावीनंतर जाणाऱ्यांनी वय बघा. अठराच्या आतल्यांचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर मोजके अपवाद सोडले तर होत नाही.

राग कन्सल्टन्सीवाल्यांवरही आहे. सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत बोर्ड लागलेत. व्हिसा, लोन, खोली, सगळ्याचं पॅकेज. पण खेळाचं विचारलं की "तिथं गेल्यावर बघ." काय बघू? फुसबॉल डॉट डीई या साइटवर पिनकोड टाकला की जवळचे सगळे क्लब, त्यांचे संघ, गुणतक्ता, सामने दिसतात, एवढं एक वाक्य सांगता येत नाही? पहिल्या संघामागं न लागता दुसऱ्या-तिसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला लिहायचं, कारण माणसं तिथं कमी पडतात. मेल जर्मनमध्ये, पाच ओळी: वय, मैदानातली जागा, किती वर्षं अकराजणांचा खेळ, किती जर्मन येतं, चाचणी सरावाला कधी येऊ. चाचणीला आयटीसी लागत नाही. पसंत पडलात की सभासदत्वाचा अर्ज, त्यावर आयबीएएन, म्हणजे बँक खात्याचा क्रमांक, तोही ब्लॉक्ड खात्याचा नाही, चालू खात्याचा. वर्गणी खात्यातून आपोआप कापली जाते आणि सभासदत्व लेखी रद्द करेपर्यंत कापली जातच राहते. क्लब विचार करून निवडा. बदलायचा झाला तर ३० जून किंवा ३१ डिसेंबरच्या आत नाव काढावं लागतं, आणि हिवाळ्यात जुन्या क्लबाची संमती लागते.

आता खेळाचंच बोलायचं तर इथं काय चाललंय? तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर पाच-पाच जण, ऑफसाइड नाही, जाळीला आपटून बॉल परत आत. त्यावर वाढलेलं पोरगं तिथल्या चाचणीत बचावफळीच्या पुढं जाऊन उभं राहतं, पाच वेळा ऑफसाइड, आणि विंगला बॉल आला की जाळीची वाट बघतं. दोष पोराचा नाही. पूर्ण मैदान, अकराजण, नव्वद मिनिटं, हे महिन्यातून दोनदा तरी खेळवा की!

बुटांचंही तेच. मुरमावर घासलेले सपाट टीएफ, म्हणजे टर्फचे बूट ओल्या खऱ्या गवतावर घसरतात. खऱ्या गवताला एफजी बूट लागतात. कृत्रिम गवतासाठी एजी, आखूड आणि जास्त गुट्ट्यांचे. धातूच्या स्क्रूचे एसजी कृत्रिम गवतावर बहुतेक ठिकाणी घालूच देत नाहीत. नडगीचं गार्ड नसेल तर पंच आत सोडत नाही.

जर्मनच्या ए-टू पातळीच्या क्लासमध्ये हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते घोटून घेतात. मैदानात मागून ओरडतात "हिंटरमान!", म्हणजे पाठीवर माणूस आहे. "लिओ!" म्हणजे बॉल माझा, सोड. "त्साइट!" म्हणजे वेळ आहे, वळ. हे तीन शब्द नसल्यामुळं पोरगं पहिल्याच संध्याकाळी दोनदा आडवं होतं, आणि प्रशिक्षकाला वाटतं, याला खेळ कळत नाही.

संघ चालवणाऱ्यांनो, तुमच्याकडं वेळ नाही हे ऐकून कान किटलेत. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा तिथं बॉलला पाय लावायला जागा नसते. त्या दिवसांत एक संध्याकाळ काढा, पोरांना पासपोर्ट घेऊन बोलवा आणि प्रत्येकाची नोंद समोर बसून तपासा.