खानदानी मांजर कसं आणावं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर पसरलेली ती तिरंगी मांजरी घरात घ्यायची नाही, हे आधी पक्कं करा. ती फुकट मिळते. आलेल्या पाहुण्यांना 'केवढ्याला पडलं?' असं विचारताच येणार नसेल, तर मांजर पाळण्यात अर्थ काय?

तुम्हाला हवं आहे खानदानी मांजर, म्हणजे बहुतेक करून पर्शियन. त्यात डॉल फेस, सेमी-पंच आणि पंच अशा पायऱ्या असतात. नाक जितकं आत, तितका भाव वर. साध्या मांजराला चारचौघांसारखं नाक असतं. पंच फेसवाल्याचं दोन डोळ्यांच्या मधोमध चेपून बसवलेलं असतं. मग डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची वाट दुमडते आणि ते गालावर ओघळत राहतं. रोज सकाळी चहाआधी कोमट पाण्याचा बोळा घेऊन ते पुसायचं. ते झोपेत घोरतं, जागेपणीही घोरतं. त्याला 'किती गोड' म्हणायचं. केसांबद्दल विक्रेता 'ट्रिपल कोट' म्हणेल. पर्शियनला दोनच थर असतात, पण तिसरा तो प्रेमाने देतोय तर नाही म्हणू नका. नागपुरात राहत असाल तर मे महिन्यात तिन्ही थर उपयोगी पडतील.

पर्शियन सगळ्यांकडेच असतं, असं वाटत असेल तर दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड बघा. 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची मांजरी सापडली, तिचे कान असे होते. आजची सगळी फोल्ड मंडळी तिचीच लेकरं-नातवंडं. कान दुमडणारा दोष फक्त कानापुरता थांबत नाही, तो अंगभरच्या कूर्चेत असतो, त्यामुळे सांधे आखडतात, शेपूट ताठरते. ब्रिटनमधल्या मांजर-नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंद बंद केली. पण इंग्रजांचं आपण कुठवर ऐकायचं?

मुंबईकरांनी 'बॉम्बे' ही काळीभोर, चकचकीत जात जरूर विचारात घ्यावी. ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यात निकी हॉर्नर या बाईंनी पन्नासच्या दशकात तयार करायला घेतली. भारतातल्या काळ्या बिबट्याची आठवण यावी म्हणून हे नाव. बाकी या मांजराचा मुंबईशी काडीचा संबंध नाही. मुंबईत घर घेणं जमलं नाही, निदान घरात बॉम्बे आणल्याचं समाधान.

आता विक्रेता. एका लग्नासाठी मुलीच्या मामाच्या साडूची नोकरी कुठे आहे, इथवर चौकशी करणारी माणसं आपण. मांजराच्या बाबतीत मात्र ही सवय आवरायची. फोनवर फोटो आले, मागे गुलाबी उशी दिसली, की टोकन पाठवून मोकळं व्हायचं. 'घरी कशाला येताय, मीच स्टेशनबाहेर आणून देतो' असं तो म्हणाला, की समजा, माणूस अडचणीला धावून येणारा आहे. आणि काहीही झालं तरी 'पिल्लाची आई दाखवा' असं म्हणू नका. आई दिसली की ती कुठल्या पिंजऱ्यात आहे ते दिसतं, तिच्या अंगावर मांस किती आहे ते दिसतं, ती माणसाला बघून जवळ येते की कोपऱ्यात अंग चोरते तेही दिसतं. एवढं सगळं बघून झाल्यावर पिल्लू आवडेनासं होण्याचा धोका असतो.

आईच्या मूत्रपिंडांची तपासणी केली आहे का, हा तर अगदी उद्धट प्रश्न. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार वंशातून उतरतो. आईबापांपैकी एकाकडे दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत तो येतो. जनुकाची चाचणी गालाच्या आतून काडी फिरवून होते, गाठी सोनोग्राफीतही दिसतात. पण मांजर चार-सहा वर्षं छान खेळतं-बागडतं आणि मग आजारी पडतं. तोवर विक्रेत्याचा नंबर बदललेला असतो, त्यामुळे वाईटपणा येत नाही.

वंशावळीचा कागद मागितलात तर 'कागदाचे वेगळे पडतील' असं उत्तर येईल. द्या. त्यात बाप आणि आजोबा यांच्या रकान्यात एकाच बोक्याचं नाव दिसलं, तर लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल. सगोत्र वगैरे नियम माणसांसाठी. सरकारलाही हे पटलेलं दिसतं. प्रजननाचे आणि विक्रीचे नियम केंद्राने 2017 मध्ये केले, ते कुत्र्यांसाठी. मांजर तेव्हा बहुधा झोपलेलं होतं.

वयाचं म्हणाल तर पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू घ्या, तळहातावर मावतं, फोटो छान येतो. जाणकार म्हणतात की बारा आठवडे आईपाशी ठेवावं. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. तुमच्याकडे ते तुमच्या पोटरीवर शिकेल. विक्रेत्याचंही बघायला हवं ना. पिल्लं लवकर गेली की आई लवकर माजावर येते, आणि मग दोन महिन्यांत पुढचं वेत.

पिल्लाच्या कानामागे केस गेलेली गोल चकती दिसली तर तो 'जन्मखूण आहे' म्हणेल. आमच्याकडच्या पिल्लाची जन्मखूण पंधरा दिवसांत माझ्या मनगटावर आली, मग भाचीच्या गालावर. त्वचेच्या डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं, 'मांजर नवीन का?' नायटा होता. महिनाभर घरातली चादर न चादर उकळली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, 'तुमच्या घराची हवा दमट असेल.'

पिल्लू घरी येण्याचा दिवस शक्यतो रविवार ठेवा, म्हणजे अख्खा मजला बघायला येईल. औक्षण करा. मांजर न्यायची पेटी विकत घेणं म्हणजे उधळपट्टी, चपलांचं खोकं रिक्षात पुरतं. एका खोलीत खाणं-पाणी, लपायला जागा ठेवून दोन-चार दिवस शांत राहू द्यावं, असं पुस्तकात असतं. आपण त्याला लगेच टू-बीएचके हिंडवून दाखवायचं. ते वॉशिंग मशीनच्या मागे शिरेल. मग काकांनी टॉर्च धरायचा, मुलाने झाडू आत घालायचा आणि आजींनी 'अरे, देव्हाऱ्यातल्या वाटीत दूध द्या त्याला' म्हणायचं. दूध द्याच. दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पण शाळेतल्या चित्रात मांजराच्या पुढ्यात बशी होती ना! पुढचं सोफ्यावर दिसेल.

शौचाच्या मातीचा ट्रे जेवणाच्या वाटीला चिकटून ठेवा, जागा वाचते. दर आठवड्याला वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वासाची माती आणा. मग ते गादीवर जाईल आणि तुम्हाला सगळ्यांना सांगता येईल की मांजराची जात हट्टीच.

दोन गोष्टी मात्र गंमत बाजूला ठेवून सांगते. अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मोडून मांजराला द्यायची नाही. तुकडाही जीव घेऊ शकतो. आणि वाढदिवसाच्या गुच्छात लिली असेल तर तो गुच्छ घरात ठेवायचा नाही. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं जातात. झालं, आता पुन्हा मूळ विषयाकडे.

बाल्कनीला जाळी कबुतरांसाठी लावतात. तुमच्याकडे कबुतरं येत नसतील तर खर्च कशाला? मांजर कुठूनही पडलं तरी पायांवरच पडतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. फक्त सातव्या मजल्यावरून पडल्यावर ते पाय कशा अवस्थेत असतात, तेवढं कोणी सांगत नाही.

महिनाभरात ते रुळेल. तुम्ही मागवलेल्या पाच हजारांच्या मखमली घराकडे ढुंकूनही न बघता ते घर ज्या खोक्यातून आलं त्यात झोपेल. खालची तिरंगी अजून स्कूटरवरच असेल. मांजरांच्या प्रदर्शनांत देशी मांजराला आता 'इंडिमाऊ' असं नाव मिळालंय म्हणतात. वॉचमनला हे कळू देऊ नका, उद्या तो टोकन मागेल.

मग एखाद्या दुपारी फोनवर त्या विक्रेत्याचं स्टेटस दिसेल: तीच गुलाबी उशी, त्यावर चार नवी पिल्लं, 'सेम मदर, बुकिंग ओपन'. बोटं मोजून बघा, जेमतेम साडेतीन महिने झाले असतील. फोटोच्या कडेला, उशीच्या पलीकडे, एक केस झडलेली शेपूट अर्धीच दिसेल. तेवढ्यात तुमच्या नणंदेचा मेसेज येईल, 'वहिनी, त्याचा नंबर द्या ना.'

द्या.