१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तुमचा राउटर गेलेला नाही, दुकानात चालू करून ठेवलाय

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी राउटर स्वतः उघडून बघायचा होता. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चालता राउटर आमच्याकडे दिला, आम्ही ७०० रुपये घेऊन त्यात "कुठलंतरी पायरेटेड सॉफ्टवेअर" घातलं. आठवड्यात वाय-फाय गायब झालं, ते परत आणायला आमच्या माणसाने घरी येऊन आणखी २०० घेतले. पुढे ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी स्पीड ४५ च्या वर जाईना. वैतागून तुम्ही कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकलं, तर राउटरच बंद पडला. दुकानात आणलात तेव्हा काउंटरवर "गेला हा, नवीन घ्या" असं ऐकावं लागलं. आता राउटरचे ३,५०० भरून द्या, अशी तुमची मागणी आहे.

काउंटरवर जे ऐकावं लागलं त्याबद्दल आधी माफी मागतो. मी त्या दिवशी मिरजेला एका शाळेची लॅब जोडायला गेलो होतो. दुकानातल्या मुलाने दिवे एकदम लागतात, विझतात, परत लागतात, एवढंच बघितलं आणि निकाल देऊन टाकला. राउटर रबरबँड लावून फळीवर पडून होता, तुमच्या नावाची चिठ्ठीही नीट चिकटवलेली नव्हती. ज्या दुकानाने त्यात फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, तुमच्या बाबतीत ओपनडब्ल्यूआरटी नावाचं) घातलं, त्याच दुकानाने न तपासता "नवीन घ्या" म्हणावं, हे मला स्वतःला लागलं.

काल शटर अर्धं ओढून बसलो. तुमचा टीपी-लिंक आर्चर सी७, व्हर्जन २. या मॉडेलमध्ये एक सोय आहे: आतली मुख्य प्रणाली पार बिघडली तरी बूटलोडर म्हणून जो छोटा भाग सगळ्यात आधी जागा होतो तो शाबूत असला, तर केबलवरून फाइल मागून घेतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, त्यावर टीएफटीपी सर्व्हर (मागितलेली फाइल केबलवरून देणारा साधा प्रोग्राम) चालू करायचा आणि ठरलेल्या नावाची फाइल त्यात ठेवायची. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की राउटर ढुंकूनही बघत नाही. मग मागचं रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून पॉवर द्यायची. पहिल्या तीन वेळा काहीच झालं नाही. लॅपटॉपचा फायरवॉल आड येत होता, आणि राउटर चालू होताना केबलची लिंक तुटून जुळेपर्यंत फाइल मागायची वेळ टळून जात होती. मध्ये एक साधा स्विच जोडला, फायरवॉल बंद केला. चौथ्या वेळेला लॅपटॉपवर फाइल मागितल्याची ओळ आली. दहा मिनिटांत कंपनीचं लॉगिन पान समोर.

तो बंद का पडला, तेही सांगतो. तुम्ही लिहिलंय की फाइल कंपनीच्याच साइटवरून घेतली होती आणि 'फोर्स' वर टिक केल्यावरच ती गेली. फाइल खरी होती, त्यात शंका नाही. पण या मॉडेलच्या कंपनीच्या काही फाइलींच्या नावात 'बूट' असा शब्द असतो. अशा फाइलीच्या पुढच्या भागात बूटलोडरचा तुकडा जोडलेला असतो, १,३१,५८४ बाइटचा. कंपनीच्या सॉफ्टवेअरला हा तुकडा ओळखता येतो. ओपनडब्ल्यूआरटीला जबरदस्तीने तीच फाइल दिली, की ते ती जशीच्या तशी फर्मवेअरच्या जागी लिहून मोकळं होतं. मग राउटर जागा होतो, कर्नल, म्हणजे मुख्य प्रणालीचा गाभा, जिथे असायला हवा तिथे बघतो, तिथे भलतंच काहीतरी असतं, परत पहिल्यापासून. तेच तुमचे लागणारे-विझणारे दिवे. परत जायचं असेल तर तेवढा तुकडा आधी कापावा लागतो. एरवी ओपनडब्ल्यूआरटी अशी फाइल घ्यायला नकार देतं, तो नकार याचसाठी असतो. ती टिक तुमच्या हातून झाली. पण "परत कंपनीवर जायचं असेल तर आधी दुकानात फोन करा" एवढं वाक्य आम्ही बिलावर लिहिलं असतं तर तुम्ही त्या वाटेला गेला नसता.

पायरेटेड हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. ओपनडब्ल्यूआरटी फुकट आहे आणि उघडं आहे, कोणाचं काही चोरलेलं नाही. त्याचा जन्मच एका राउटरमधून झाला. २००२ च्या शेवटी लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा डबा बाजारात आणला. त्याच्या पोटात लिनक्स ही खुली प्रणाली आहे हे लोकांच्या लक्षात आलं, आणि लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्यावरून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं 'डब्ल्यूआरटी' तिथूनच आलंय. ७०० रुपये आम्ही सॉफ्टवेअरचे घेतले नाहीत, हाताच्या कामाचे घेतले.

आता वाय-फाय गायब होण्याबद्दल. तुमच्याकडे गेलेल्या आमच्या मुलाला विचारलं. त्याच्या म्हणण्यानुसार पासवर्ड विसरल्यामुळे घरात कोणीतरी रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं होतं. कंपनीच्या राउटरमध्ये तसं केलं की खाली स्टिकरवर छापलेला पासवर्ड परत लागू होतो, म्हणून सगळ्यांना तीच सवय. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये रिसेट केलं की रेडिओच, म्हणजे वाय-फायच, बंद होतो, कारण पासवर्ड न लावलेलं नेटवर्क आपोआप हवेत सोडायचं नाही, असं ते बनवणाऱ्यांनी ठरवलंय. शिवाय आम्ही वरून टाकलेली पॅकेजं पुसली जातात, आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होतो. तुमच्या भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचा पत्ताही नेमका तोच. एका वाड्यात एकाच नावाचे दोघे राहायला आले की पोस्टमनची जी गत, ती. दुकानात आम्ही पत्ता बदलून दिला होता, रिसेटने तो मूळपदावर गेला. बटण तुमच्याकडे दाबलं गेलं हे खरं, पण दाबलं तर काय होईल हे आम्ही सांगितलं नव्हतं. ते २०० रुपये मुलाने घ्यायला नको होते.

आता ४५ चं कोडं. तुमचा खरा राग यावर आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचा प्लॅन ५० चा होता आणि तक्रार स्पीडची नव्हतीच. संध्याकाळी ऑफिसची मीटिंग चालू असताना आवाज तुटतो, घरात कोणी सिनेमा लावला की समोरच्याला तुम्ही रोबोसारखे ऐकू येता, हे तुमचे शब्द मला अजून आठवतात. यात लाइन भरून वाहते आणि डेटाचे तुकडे पुढच्या डब्यात रांगेत ताटकळतात. मोठं डाउनलोड पुढे, तुमचा आवाज मागे. त्यावर उपाय म्हणजे ती रांग आपल्या राउटरमध्ये आणायची, म्हणजे तिथे कोणाला पुढे सोडायचं हे आपल्याला ठरवता येतं. ओपनडब्ल्यूआरटीतलं एसक्यूएम हेच करतं. पण रांग आपल्याकडे थांबावी यासाठी मर्यादा लाइनच्या स्पीडपेक्षा थोडी कमी लावावी लागते. ५० ला ४५ लावले. तुमच्या मीटिंगा सुधारल्या, तसा फोनही तुम्ही केला होता.

तीन महिन्यांनी तुम्ही प्लॅन ३०० चा केला. ४५ चा आकडा राउटरमध्ये तसाच राहिला. नळाला मोठी पाइपलाइन आली आणि तोटी मात्र आम्ही अर्धी आवळून ठेवलेली. नेटवाल्याच्या माणसाने डब्यापाशी मोजलं, तिथे ३०० आले, मग "राउटर खराब" म्हणून तो गेला. त्याच्या जागी मी असतो तरी तेच म्हणालो असतो, कारण आत काय लावलंय याचा कागदच कुठे नव्हता. सर, तुम्हाला झालेल्या सगळ्या मनस्तापाचं मूळ हेच आहे, आणि ही चूक पूर्णपणे आमची. फर्मवेअर घातलं, आकडे घातले, पण ग्राहकाच्या हातात चिठ्ठी दिली नाही.

तो आकडा २७० केला असता तरी भागलं नसतं, हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर परत रिव्ह्यू द्याल. या राउटरचा प्रोसेसर ७२० मेगाहर्ट्झचा, एकच कोअर. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेटची (डेटाच्या तुकड्यांची) बदलाबदली चिपमधलं वेगळं हार्डवेअर करतं, प्रोसेसरला फारसं काम पडत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये या चिपची ती सोय मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एसक्यूएम लावून माझ्या टेबलावर १५० च्या आसपास दम लागला. एसक्यूएम काढून सॉफ्टवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरचं काम हलकं करणारी सोय) लावलं तर ३०० चा प्लॅन बऱ्यापैकी निघतो. ३०० च्या लाइनवर घरातल्या चार जणांनी सिनेमे लावले तरी रांग सहसा लागत नाही, म्हणून तुम्हाला आता एसक्यूएमची गरज आहे, असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर याच्यापेक्षा ताकदीचा राउटर लागेल. पण तो घ्या, असा माझा आग्रह नाही.

रेंज वाढवण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय: "दुसऱ्या देशाचा कोड टाकून पॉवर वाढवता येते, यांनी केलं नाही." राउटरमध्ये जो देश निवडाल त्या देशाची पॉवरची मर्यादा लागते, त्याबद्दल हे. बरोबर, केलं नाही आणि करणारही नाही. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेने विनापरवाना खुले झाले, ते पॉवरच्या मर्यादेसकट. शिवाय राउटर ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचायला नको का? मागच्या खोलीसाठी केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हाच इलाज. तुमच्याकडे भिंती जुन्या दगडी आहेत, तिथे तर नक्कीच.

पैशांचं. ७०० आणि २०० असे ९०० रुपये परत करतोय. ३,५०० देणार नाही, कारण राउटर चालू आहे आणि २०१६ च्या बिलावर वॉरंटी आमच्याकडे येण्याआधीच संपली होती. काउंटरवर "यामुळे वॉरंटी गेली" असं तुम्हाला सांगितलं गेलं, तेही चूकच.

आता दुकानात फर्मवेअरच्या प्रत्येक कामाबरोबर एक कागद जातो: राउटरचा पत्ता, लावलेली मर्यादा, त्या वेळचा प्लॅन, रिसेट दाबलं तर काय होईल, परत जायचं तर काय करायचं. राउटरच्या खालच्या बाजूला टेपने चिकटवतो. आणि ४ एमबी फ्लॅशचे (सॉफ्टवेअर साठवायच्या जागेचे) जुने डबे घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधीसारखंच परत पाठवतो. त्यात नवीन ओपनडब्ल्यूआरटी मावतच नाही, कितीही आग्रह केला तरी.

तुमच्या राउटरमध्ये सध्या कंपनीचंच सॉफ्टवेअर आहे. तसंच हवं असेल तर तसंच घेऊन जा. ओपनडब्ल्यूआरटी परत हवं असेल तर एसक्यूएमशिवाय, ऑफलोडिंग लावून देतो, फुकट, तुमच्यासमोर बसून. सोमवार सोडून कधीही या, संध्याकाळी सातनंतर मी स्वतः असतो. येताना अडॅप्टर घेऊन या. तुम्ही राउटर ठेवून गेलात तेव्हा तो घरीच राहिला होता, मी माझ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवलाय, आणि तुमचा अडॅप्टर ठीक आहे ना हे मला अजून बघायचंय.