पावसात ह्या खय ठेवतलस?

कोकणात उन्हाला तोटा नाही, तोटा आहे तो उन्हातल्या जागेला. आमच्या माडापोफळीच्या वाडीत भर दुपारीही कवडसेच पडतात. सलग ऊन लागतं ते फक्त दारातल्या खळ्यात, आणि मार्च लागला की खळं आईच्या ताब्यात जातं. एका चटईवर आगळात बुचकळून काढलेली आमसुलं, दुसरीवर सांडगी मिरच्या, कडेला काजूच्या बिया, ताटांतून थापलेली आंब्याची साटं, आणि ह्या सगळ्यावर नजर ठेवून, कावळ्यांसाठी काठी घेऊन उंबऱ्यात बसलेली आई. एप्रिलात आमच्याकडे घरातून फाटकापर्यंत जायचं तर उड्या मारत जावं लागतं. अशा घरात 'बाहेर स्वयंपाक करायला काहीतरी घेऊया' हा विषय निघाला.

काढला मुंबईच्या चुलतभावाने. "एवढं ऊन, एवढी वाडी, समुद्र हाकेवर, आणि तुम्ही मासे आत धुरात बसून भाजता?" असं म्हणून त्याने फोटोंचा मारा सुरू केला. सगळ्या फोटोंत कापलेली हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या आणि हातात चिमटा धरून हसणारा एक माणूस. त्या माणसाच्या पायाला लाल मुंग्या लागलेल्या नव्हत्या आणि डोक्यावर माड नव्हता. माडाखाली उभं राहून कोणी इतकं निवांत हसत नाही.

फोटो आईला दाखवले. तिने चष्मा लावून नीट बघितले आणि विचारलं, "पावसात ह्या खय ठेवतलस?"

आमच्या घरात हा प्रश्न सायकलीपासून सोफ्यापर्यंत प्रत्येक वस्तूला विचारला गेलेला आहे आणि त्याला उत्तर देऊ शकलेल्या वस्तू फार थोड्या आहेत. मृगापासून पुढचे चार महिने आमच्या किनारपट्टीवर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेव्हा पडवीत आधीच जळवण, नारळ, ओले कपडे, कुत्रा आणि त्याचे पाहुणे असतात. पण भाऊ मागे हटेना, आणि खरं सांगायचं तर फोटो बघून बघून मलाही चिमटा धरून हसावंसं वाटायला लागलं होतं.

सुरुवात गॅसच्या ग्रिलपासून झाली. चार बर्नर, झाकणाला काटा, खाली चाकं. शहरातल्या एका मोठ्या दुकानात ते उभं होतं, आणि त्याच्यापेक्षा ताठ त्याचा विक्रेता. "स्टेनलेस आहे साहेब, गंजायचा प्रश्नच नाही." खाऱ्या हवेत राहणाऱ्याला हे वाक्य ऐकून हसू येतं. आमच्याकडे बिजागऱ्या गंजतात, पंख्याची पाती गंजतात, फ्रिजचे पाय गंजतात, स्कूटर उभ्या उभ्या गंजते. शेजारचे अण्णा सोबत होते. ते उभा जन्म बोटीवर काढून आलेले. त्यांनी खिशातून चुंबक काढलं. चुंबक ग्रिलच्या झाकणाला फटकन चिकटलं आणि विक्रेत्याचा चेहरा उतरला.

मग अण्णांनी दुकानातच वर्ग घेतला. निकेल जवळजवळ नसलेल्या स्वस्त स्टीलला चुंबक धरतं. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला सहसा धरत नाही. पण समुद्राकाठी ३०४ वरही तांबूस ठिपके पडतात, कारण हवेतल्या मिठातलं क्लोराइड त्याला बारीक भोकं पाडतं. त्याला अटकाव करायला लागतं मॉलिब्डेनम, आणि ते दोन-तीन टक्के असतं ३१६ मध्ये. "बोटीर सगळा तीनशे सोळा," असं म्हणून त्यांनी ३१६ मध्ये ग्रिल आहे का ते विचारलं. विक्रेता म्हणाला, "हे फूड ग्रेड आहे." अण्णांनी पुन्हा ३१६ विचारलं. विक्रेत्याने पुन्हा फूड ग्रेड सांगितलं. शेवटी मॅनेजर आला आणि त्याने आम्हाला चहा पाजला. कोकणी माणूस काही न घेता निघाला की त्याला चहा का पाजतात हे मला कळलेलं नाही, पण चहा चांगला होता.

गॅसच्या ग्रिलवर शेवटची माती बायकोने टाकली. १४.२ किलोचा सिलिंडर आम्ही जपून वापरतो, आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं. "म्हणजे पाणी लाकडावर आणि बांगडे गॅसवर?" एवढंच ती म्हणाली.

कामाडो नावाचा जपानी वळणाचा चिनीमातीचा मोठा रांजणही भावाने सुचवला. जाड भिंतींत उष्णता धरून ठेवतो, कोळसा कमी लागतो, गंजत नाही. सगळं खरं. फक्त आमचं घर घाटी उतरून पाणंदीने आत येतं. सामान पोचवणारे फोनवर "गाडी दारापर्यंत येते ना?" असं विचारतात तेव्हा आम्ही विषय बदलतो. शंभरेक किलोचा रांजण डोक्यावरून आणायला माणसं मिळाली असती, पण त्यांचं जेवण शिजवायला आधी दुसरी चूल लागली असती.

मग सौरचूल. ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि अजूनही आवडते. जिनिव्हाच्या द सॉस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेच्या पेट्या एकात एक ठेवून त्यांत ऊन कोंडलं होतं, तेव्हापासून पेटी मुळात तीच आहे. वर दुहेरी काच, आत काळे डबे, झाकणाला आरसा. शिर्डीला साईबाबांच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ तबकड्या बसवल्या, त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक करण्यासाठी. मग आमच्या पाच माणसांचा वरणभात काय मोठा? अण्णांच्या माळ्यावर एक पेटी पडून होती. ती आणली, पुसली, आणि आईशी वाटाघाटी करून मिरच्यांची चटई थोडी सरकवून घेतली.

वरणभात झाला. दोन-अडीच तास लागले, मधूनमधून पेटी उन्हाकडे वळवावी लागली, पण डाळ अशी मऊ शिजली की आईसुद्धा गप्प झाली. मग मी उत्साहाने त्यात बांगडे ठेवले. आतली उष्णता उकळत्या पाण्याच्या आसपास घुटमळते. तेवढ्यात मासा शिजतो, भाजत नाही. बाहेर आले ते फिकट, घाम फुटलेले बांगडे. "बांगडो उकडून खातत काय रे झिला?" आई म्हणाली, आणि ते मांजराला गेले.

दुसऱ्या दिवशी माकडं आली. टोळीचा म्होरक्या आरशासमोर बसला. समोरच्याने दात दाखवले म्हणून ह्याने दाखवले, ह्याने भुवया उडवल्या म्हणून समोरच्यानेही. हे बराच वेळ चाललं. बाकीची टोळी तोवर आंब्याची साटं संपवत होती. आई काठी घेऊन धावली तेव्हा म्होरक्याने आरशातल्या शत्रूला एक सणसणीत थप्पड दिली आणि गेला. आरसा वाचला. आता त्या पेटीत, काच बोटभर उघडी ठेवून, आई आमसुलं सुकवते. चटईवरच्यापेक्षा लवकर वाळतात आणि कावळ्याला चोच घालता येत नाही. मी पेटी परत द्यायचं काढलं की ती म्हणते, "थयच रवांदे ता." अण्णांनी दोनदा खाकरून बघितलं, मग सोडून दिलं.

बायको अलिबागकडची. तिच्या मते उपकरण लागतंच कशाला? एक मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मीठ, ओवा. मडकं उलटं मांडायचं, भोवती पालापाचोळा पेटवायचा, वरून पाणी शिंपडल्यावर चर्र झालं की पोपटी तयार. तिचं म्हणणं खोडता येत नाही, कारण ती ते तोंडाला पाणी सुटेल असं सांगते. पण वालाच्या शेंगा थंडीतल्या, आणि चुलतभाऊ येणार होता मेमध्ये.

शिवाय धुराचा प्रश्न होताच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते पन्नाशीत असे अंगावर येतील असं वाटलं नव्हतं. आमची मोकळी जागा घराच्या मागे, पूर्वेला. दिवसा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे दुपारचा धूर थेट अण्णांच्या माजघरात. रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे फिरतो, म्हणजे रात्रीचा धूर आमच्या. अण्णांची हरकत नव्हती, काकींची होती. त्यांचा सोमवार, त्यांची संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर बांगड्याचा वास येऊन बसला तर उपास मोडतो की नाही, यावर त्यांनी भटजींचं मतही घेऊन ठेवलं. बायकोने कॅलेंडर उतरवून हिशेब मांडला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पुढे श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. उरलेल्यांतून काकींचे वार वजा. "एवढ्या दिवसांसाठी चाकं असलेली वस्तू कशाला?" ती म्हणाली.

ह्या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी विचारल्याशिवायही सांगतो. किनाऱ्यावर एकतर बोटीवर लावतात ते स्टील घ्यावं, नाहीतर जे गंजलं तरी झोप उडत नाही असं जाड लोखंड. मधलं, चकचकीत, हप्त्यांवर मिळणारं जे असतं ते दुसऱ्या मृगाला तुम्हाला रडवतं.

तर गेट करणाऱ्याकडे स्लॅबच्या उरलेल्या १२ मिलिमीटरच्या सळया होत्या, त्यांची जाळी जोडून घेतली. गडग्याचे उरलेले जांभ्याचे चिरे तिन्ही बाजूंनी रचले, सिमेंट अजिबात नाही. पावसात चिरे गडग्यावर, जाळी माळ्यावर. आईच्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसरा प्रश्न शोधायला लागली.

इंधन घरचंच. करवंट्या आधी भडकतात, धूर ओकतात, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊ नये. ज्वाळा बसल्या की जो निखारा राहतो त्याला बाजारातला कोळसा हात टेकेल. जाळी आधी नुसती तापू द्यायची, मग नारळाच्या सोडणाच्या कुंच्याने घासून तेल फिरवायचं. बारीक तारेच्या जाळीला बांगड्याची कातडी धरून बसते, जाड तापलेल्या सळीवरून ती स्वतःहून सुटते. तिरके काप दिलेल्या अंगात मसाला आणि आगळ मुरलेलं असतं. पोटाकडची चरबी पाझरून निखाऱ्यावर पडली की फस्स करून ज्योत उठते, त्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, आणि उलटायची घाई करायची नाही. घाई करणाऱ्याला शेपटी एका हातात आणि डोकं जाळीवर मिळतं.

पण मेमध्ये दुपारी साडेबाराला निखाऱ्यापाशी उभं राहून बघा. खालून आच, वरून ऊन, आणि फोटोतल्या माणसासारखं हसायचं. उन्हाच्या मुलखात बाहेर शिजवायचं तर आधी सावली घ्यावी लागते, हे कुठलाही विक्रेता सांगत नाही. झावळ्यांचा मांडव सुचवणाऱ्याला अण्णांनी हात जोडले, कारण सुक्या झावळ्या आणि खाली ज्वाळा हे दृश्य त्यांना बोटीवरच्या कवायतीत दाखवलेलं होतं. म्हणून चार पाइप, वर पत्रा, पायाला काँक्रीट. ह्या छपराला जाळीच्या कितीतरी पट पैसे गेले. पण झालं छान, उंच, हवेशीर, कोरडं.

इतकं कोरडं की आठवड्याभरात आईने त्यात जळवण रचलं. मग सोडणं आली, चुडतं आली, मागच्या वर्षीची कौलं आली. चिरे आणि जाळी गेली बाहेर, फणसाखाली.

चुलतभाऊ आला तो भेट घेऊन आला. चार बर्नरच्या ग्रिलचं वॉटरप्रूफ कव्हर, चेनवालं, आतून अस्तर असलेलं. आईने ते उलगडून बघितलं, ओढून बघितलं, आणि पत्र्याखालच्या जळवणावर चढवलं. चेनसुद्धा लागली.